पोटातला नाऱ्या

आमच्या सोसायटीच्या गच्चीवर हल्ली भल्या पहाटे सकारात्मक वाक्यांचा वर्ग भरतो. वर्ग घेणारे गृहस्थ पूर्वी विमा विकायचे, आता आत्मविश्वास विकतात. हप्ता साधारण तोच आहे. पंधरा-वीस माणसं सूर्याकडे तोंड करून, मुठी आवळून ओरडतात, "मी समर्थ आहे! पैसा माझ्याकडे ओढला जातोय!" नेमका त्याच वेळी दूधवाला थकलेलं बिल घेऊन जिना चढतो आणि मग काही समर्थ मंडळी पाण्याच्या टाकीमागे सरकतात.

घरच्या आग्रहाखातर मीही जाऊ लागलो. ओरडायला माझी ना नाही, पण मराठी माणसाच्या पोटात एक नाऱ्या कायमचा मुक्कामाला असतो. शुभ बोल म्हटलं की त्याला हटकून मांडवाला लागलेली आग दिसते. मी म्हटलं, "मी यशस्वी आहे." आतून आलं, "कशात?" मी म्हटलं, "मी दिवसेंदिवस तरुण होतोय." "गुडघ्यांना कळवलंस का?" पैशाच्या वाक्याला तर त्याने कर्जाच्या हप्त्याची तारीखच सांगितली.

या सगळ्या प्रकाराचे एक मूळपुरुष म्हणजे एमिल कुए, फ्रान्समधले औषधविक्रेते (१८५७–१९२६). पुढे नान्सी गावात ते लोकांना औषधाऐवजी एक वाक्य देऊ लागले. आपण रोज, सगळ्या बाबतींत, अधिकाधिक बरे होत आहोत, अशा अर्थाचं. सकाळी उठल्यावर आणि रात्री झोपताना वीस-वीस वेळा. मोजायला वीस गाठींची दोरी! आमच्या आजीने ती पाहिली असती तर, "उरलेले अठ्ठ्याऐंशी मणी कुठे हरवले मेल्याने?" असं विचारलं असतं. त्या वाक्याची कीर्ती एवढी पसरली, की १९२३ साली ते अमेरिकेचा दौराही करून आले.

पण गडी हुशार. त्याला नाऱ्या ठाऊक होता. तो म्हणायचा, इच्छाशक्ती आणि कल्पना यांची जुंपली की दर वेळी कल्पनाच जिंकते. म्हणून जोर लावू नका. अंथरुणात पडल्या पडल्या, डोळे मिटून, एकसुरात पुटपुटा. म्हणजे नाऱ्या पुरता जागा व्हायच्या आत काम उरकून घ्या. शिवाय 'मी ठणठणीत आहे' असा दावाच नाही. 'होतोय' म्हटलं की नाऱ्याला पुरावा मागायला तोंड राहत नाही. आमच्या गच्चीवर नेमकं उलटं चालतं. तिथे बोंब मारून त्याला आधी उठवतात आणि मग त्याच्याशी खोटं बोलतात.

कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठाच्या जोअ‍ॅन वुड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ साली हे तपासूनही पाहिलं. स्वतःविषयी मुळातच बरं मत असलेल्यांना, आपण प्रेम करण्याजोगे आहोत हे घोकून किंचित बरं वाटलं. ज्यांचं स्वतःविषयीचं मत यथातथाच होतं, त्यांना मात्र हे न घोकणाऱ्या आपल्यासारख्याच इतरांपेक्षा वाईट वाटलं. बँकेच्या कर्जासारखंच हे: ज्याच्याकडे आहे त्याला घरी येऊन देणार, नाही त्याला खेटे घालायला लावणार. आणि वर्गाची पावती कोण फाडतं? ज्याच्याकडे नाही तोच.

आमच्या आजीकडे यावर जुनी तोड होती. वास्तू 'तथास्तु' म्हणत असते, तेव्हा भरल्या घरात वाईट बोलायचं नाही, एवढंच तिचं म्हणणं. 'मी महान आहे' असं म्हणायला तिने आम्हाला कधी सांगितलं नाही, आणि आम्ही म्हटलं असतं तर तिने दृष्ट काढण्याऐवजी उलटणं काढलं असतं. नाऱ्याला गायला लावू नये, नुसतं गप्प बसवावं. स्वतः आजारी असली आणि कुणी विचारलं, की तिचं उत्तर ठरलेलं, "कालच्यापेक्षा बरं आहे." कुएने एवढी गावं पालथी घातली, आमच्या गल्लीत आला असता तर दोरीचा खर्च वाचला असता.

म्हणून परवा वर्गात माझी पाळी आल्यावर मी हेच वाक्य म्हटलं. गुरुजींचा चेहरा पडला. "फार कमी ऊर्जेचं आहे," ते म्हणाले, "विश्वाला असं सांगितलं तर विश्व काय देणार?" मला पुन्हा समर्थांच्या रांगेत उभं केलं. शेजारी चौथ्या मजल्यावरचे काका होते. घसा बसेपर्यंत त्यांनी पैसा ओढला, जिन्यात दूधवाल्याची चाहूल घेतली, आणि माझ्या कानाशी लागून विचारलं, "ते तुमचं कमी ऊर्जेचं काय होतं हो?"