आडवं पडून वाचायचं काही

"तुम्ही एवढं वाचता, मला काहीतरी हलकंफुलकं सुचवा ना," असं कुणी म्हणालं की कर्जाच्या अर्जाकडे बँकेचा साहेब बघतो तशी मी त्या माणसाकडे बघते. चष्म्याचा नंबर काय? उशा किती घेता? दुपारी वाचणार की रात्री? झोप लागून पुस्तक हातातून सुटलं तर ते बाजूला पडेल की नाकावर? लोकांना वाटतं, मी थट्टा करते.

माझे थोरले दीर असल्या चौकशीत वेळ घालवत नाहीत. सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, डॉक्टरांनी वाचायला परवानगी दिली, त्याच संध्याकाळी दिरांनी त्यांना 'श्रीमान योगी' आणून दिलं. कादंबरीबद्दल माझी तक्रार नाही, पण पानं हजाराच्या वर आहेत आणि सासूबाईंना बसून वाचायची सवय नाही. पुस्तक पोटावर उभं केलं की त्यामागे सासूबाई दिसेनाशा व्हायच्या. अफझलखान यायच्या आत त्यांच्या मनगटाला शेक द्यायची वेळ आली. "तुला कसलं पाहिजे होतं गं?" असं दिरांनी विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "पातळ."

मराठी माणसाला पातळ पुस्तक सुचवताना कमीपणा वाटतो. विरंगुळ्याला काही मागावं, तर तो तुमची परीक्षाच घेतो. "'कोसला' वाचलंयस?" नाही म्हटलं तर क्षणभर थांबून, "अरेरे," आणि हो म्हटलं तर "कितव्यांदा?" 'कोसला' आलं 1963 साली. तेव्हापासून हा प्रश्न महाराष्ट्रात सुखानं लोळत पडलेल्या माणसांना उठवून बसवतो आहे. कादंबरी स्वतः किती खोडकर आणि हसवणारी आहे, हे सुचवणारा कधीच सांगत नाही. हसू येतं म्हटलं तर वजन कमी होईल ना.

बाबूराव अर्नाळकरांनी हजाराच्या वर रहस्यकथा लिहिल्या. एवढ्या लिहिल्या म्हणजे कुणीतरी त्या वाचतही असणार. पण त्या काळातली जी जी माणसं मला भेटली, त्या सगळ्यांनी तेव्हा 'ययाति' वाचली होती. झुंजार आणि काळा पहाड नेमके कुणाच्या गादीखाली राहत होते, हे रहस्य खुद्द झुंजारलाही उलगडायचं नाही.

आणि सुचवलेलं पुस्तक म्हणजे नुसतं पुस्तक नसतं, सुचवणाऱ्याचं आपल्याविषयीचं मत असतं. माझी पन्नाशी झाली तेव्हा चुलत जावेनं मला 'नर्मदे हर हर' दिलं. छान वेष्टनात, वर झेंडूचं फूल. आता चालायला लागा, असा त्याचा अर्थ मी घेतला. भाच्यानं म्युच्युअल फंडांवरचं पुस्तक दिलं आणि ऑफिसातल्या मैत्रिणीनं राग आवरण्याविषयीचं. ते बघून मला इतका राग आला की बिचारीचं निदान बरोबर ठरलं. एवढ्या काळजीवाहू लोकांत "तुला मजा येईल" म्हणून भा. रा. भागवतांचा 'फास्टर फेणे' कुणी हातात ठेवला नाही. तो मी स्वतःच भाचीच्या कपाटातून आणला.

आमच्या नगर वाचनालयात काउंटरवर बसणाऱ्या मावशींना हे कळतं. त्या आवडनिवड विचारत नाहीत. "पाहुणे आहेत का घरी?" विचारतात. पाहुणे असतील तर कथासंग्रह, म्हणजे दोन कुकरच्या मध्ये एक गोष्ट संपते. दवाखान्यात कुणापाशी बसायचं असेल तर 'वपुर्झा', कारण ते कुठूनही उघडलं तरी चालतं आणि नर्स आली की कुठंही मिटता येतं. दहावीचं पोर घरात असेल तर त्या स्पष्ट सांगतात, "विनोदी नको. तुम्ही हसाल, ते चिडेल."

मावशींइतकाच माझा विश्वास आहे तो आधीच्या वाचकांवर. आमच्या वाचनालयाच्या प्रत्येक पुस्तकाच्या पहिल्या पानावर जांभळा शिक्का असतो : 'पुस्तकात खुणा करू नयेत'. पहिली खूण त्याच शिक्क्याखाली असते : 'बरोबर आहे'. मग पुढे परिसंवाद. नारायण धारपांच्या एका कादंबरीवर कुणीतरी लिहिलंय, 'रात्री एकट्याने वाचू नये'. खाली दुसऱ्या अक्षरात, 'दुपारी वाचली. काही झाले नाही'. त्याखाली तिसरा : 'मुद्दा तोच आहे'. एका रहस्यकथेच्या पहिल्याच पानावर पेन्सिलीनं सूचना आहे, 'खुनी वकील आहे. वेळ वाचवा. – एक हितचिंतक'. मी ती कथा चिडून शेवटपर्यंत वाचली. शेवटच्या पानावर त्याच अक्षरात लिहिलं होतं, 'कसे फसवले!' खरा खुनी कंपाउंडर निघाला. इतकं प्रामाणिक समीक्षण मी एकाही दिवाळी अंकात वाचलेलं नाही.

यांच्यात एक हिरव्या शाईवाले आहेत. कोण ते माहीत नाही, पण ललित विभागातली बहुतेक पुस्तकं त्यांच्या हाताखालून गेलेली दिसतात. प्रत्येकाच्या शेवटी ते एकाच शब्दात निकाल देतात : 'ठीक'. ज्ञानपीठवाल्यांना ठीक, नवोदितांना ठीक. एका प्रवासवर्णनाला 'ठीक, पण खर्च फार'. चि. वि. जोशींच्या पुस्तकात मात्र हिरवी शाई मला कुठंच सापडली नाही. चिमणराव आणि गुंड्याभाऊंचा गोंधळ ऐन रंगात आलेला आणि त्या पानावर चहाच्या कपाचं गोल, तपकिरी वर्तुळ. बशी आणायलाही गृहस्थ उठले नव्हते! मी ते पुस्तक तिथल्या तिथे घेतलं.

तेव्हापासून मी माणसांची मतं ऐकते आणि पुस्तकांवरचे डाग बघते. तिसाव्या पानात एसटीचं तिकीट अडकलेलं असेल आणि पुढची पानं कोरी करकरीत असतील, तर वाचक स्टँड येण्याआधीच उतरला असं समजायचं. ज्या पानावर भडंगाचं तेल पसरलेलं असतं तिथं गोष्टीनं पकड घेतलेली असते. या हिशोबानं आमच्या घरातलं सर्वांत आवडतं पुस्तक कमलाबाई ओगल्यांचं 'रुचिरा' आहे. 1970 सालचं हे पुस्तक, मापं वाटी-चमच्यांत दिलेली, त्यामुळे तराजू नसलेल्या बाईलाही शहाणं वाटायला लागतं. त्यावर हळद आहे, बेसन आहे, आणि अनारशांच्या पानाला तर नुसतं धरलं तरी हात ओशट होतो. अनारसे मी अजून एकदाही केलेले नाहीत. ते पान मी जेवण झाल्यावर, कुशीवर वळून वाचते.

डाग नसलेली पुस्तकं बघायची असतील तर आमच्या वाचनकट्ट्यावर यावं. महिन्यातून एकदा सभासद नुकत्याच वाचलेल्या पुस्तकावर बोलतात. मागच्या खेपेला आमचे अध्यक्ष नेमाड्यांच्या 'हिंदू'वर बोलले. 2010 साली निघालेलं, सहाशेच्या आसपास पानांचं पुस्तक. अध्यक्ष पहिल्या साठ पानांवर पाऊण तास अत्यंत मुद्देसूद बोलले. "पुढे काय होतं?" असं एका बाईंनी विचारलं. ते म्हणाले, "ते ज्याचं त्यानं अनुभवावं." टाळ्या पडल्या.

खरा कट्टा नंतर सुरू होतो, बटाटेवड्यांच्या टेबलापाशी. हळू आवाजात, इकडेतिकडे बघत. "शिरवळकरांचं ते होतं ना गं तुझ्याकडे?" "गुरुनाथ नाईकांचे कुठे मिळतील?" अध्यक्ष माझ्याजवळ आले. वडा संपेपर्यंत साहित्याच्या भवितव्याविषयी बोलले. मग म्हणाले, "तुमच्याकडे धारपांचं काही असेल तर... जरा बघायचं होतं. भाषेच्या दृष्टीनं." दुसऱ्या दिवशी मी समर्थकथांचं एक जुनं पुस्तक नेऊन दिलं. दारातच त्यांनी ते पिशवीत टाकलं. सूनबाई मराठीच्या प्राध्यापक आहेत.

आठवडा उलटायच्या आत पुस्तक परत आलं. उघडलं तर मधल्या पानांतून बाकरवडीचा चुरा टेबलावर सांडला.

"कसं वाटलं?" मी विचारलं.

"सामान्य," ते म्हणाले. "वर्णनं भडक, व्यक्तिरेखा एकसुरी, जीवनदृष्टीचा अभाव." पिशवीची घडी खिशात ठेवता ठेवता थांबले. "त्या समर्थांचं आणखी एखादं आहे का?"