इथलेच नाना

कामानिमित्त चेन्नईला गेलेल्या प्रत्येक मराठी माणसाच्या वाट्याला एक नाना येतात. मूळचे सदाशिव पेठेतले, हयात गेली पेरांबूरच्या इंटिग्रल कोच फॅक्टरीत, आणि आता निवृत्तीनंतर ‘बाहेरच्यांना काय कळणार इथलं’ हे बाहेरून आलेल्यांनाच ऐकवण्याचा पूर्णवेळ उद्योग. तुम्ही भोळेपणानं म्हणता, ‘नाना, ट्रिप्लिकेनच्या रत्ना कॅफेत इडली-सांबार खाऊ या का?’ झालं!

‘१९४८ पासूनचं आहे ते, साऱ्या जगाला ठाऊक झालंय. यूट्यूबवाले जातात तिथं! चल, इथली माणसं कुठं जेवतात ते दाखवतो.’

आणि नेतात कुठं, तर नुंगमबाक्कमच्या एका गल्लीतल्या फ्रेंच हॉटेलात.

आठ-दहा टेबलं, फळ्यावर खडूनं लिहिलेला आजचा बेत. गिऱ्हाईक मात्र खरंच रोजचं. कॉलेज रोडवरच्या आलियाँस फ्राँसेजमध्ये फ्रेंच शिकणारी पोरं, ओरगडमच्या मोटार कारखान्यातले साहेब, घरच्या डोशाला कंटाळून मैलापूरहून आलेलं एखादं कुटुंब. नाना शिरताच तमिळ सुरू करतात : ‘एन्न थंबी, सौख्यमा?’ वेटर मणिपूरचा. तो म्हणतो, ‘हां सर, दो लोग?’ नाना तुमच्या कानाशी लागतात, ‘बघ. ओळखतो मला.’

मग कांद्याचं सूप येतं. वर चीज वितळवलेला पाव. नाना चमचा उचलतात तशी चीजची तार लांबत लांबत छातीपर्यंत येते; ती ते तर्जनीनं तोडतात, बोट चाटतात आणि फुकटच्या पावाची तिसरी टोपली मागवतात. रातातुई आली की, ‘वांगं ठीक आहे, कूट विसरलेत,’ असं म्हणत खिशातून लसणीच्या चटणीची डबी निघते. जोडीला इतिहास असतोच. पुदुच्चेरी इथून दीडशे किलोमीटर, १९५४ पर्यंत फ्रेंचांच्या ताब्यात, म्हणजे हे जेवण इथलंच. सांबार तंजावरच्या मराठ्यांचं, संभाजीराजांच्या नावावरून पडलेलं, म्हणजे तेही आपलंच. पुरावा मागितला की नाना पाणी मागवतात.

पॅरिसच्या बुइयाँ शार्तिए या १८९६ सालच्या स्वस्त खानावळीत वेटर टेबलावरच्या कागदावरच हिशेब मांडतो, हे नानांनी कुठंसं वाचलंय. तेव्हापासून ते स्वतःच कागदी रुमालावर बेरीज करतात आणि बिल येण्याआधीच वेटरशी भांडायला तयार असतात.

पण नानांना दुसरीकडं नेऊन पाहा. इतकी वर्षं काढूनही रिक्षावाला त्यांच्याशी हिंदीतच बोलतो. इडलीच्या हॉटेलात शेजारचा गृहस्थ आपुलकीनं विचारतो, ‘नॉर्थ इंडिया?’ सदाशिव पेठेला नॉर्थ इंडिया! त्या दिवशी नानांनी दुसरी इडली घेतली नाही. या फ्रेंच हॉटेलात मात्र शेफ कुठला, वेटर कुठला, साहेब कुठले! त्या चार भिंतींत सगळ्यांत जुने मद्रासी नानाच.

तेव्हा चेन्नईला गेलात तर त्यांच्याबरोबर जरूर जा. सूप खरंच उत्तम असतं. पैसे मात्र तुम्हीच द्यायचे. इथल्या माणसानं पाहुण्याला फक्त रस्ता दाखवायचा, असं नानांचं धोरण आहे.