सहकुटुंब, सहपरिवार, सहखुर्ची

"काय गं, मघापासून व्हरांड्यात कागद पसरून बसलीयेस. रुखवताची यादी का?" काकूंनी कुंपणावरची मधुमालती बाजूला सारली. हातात मेथीची जुडी होती, म्हणजे अर्ध्या तासाची निश्चिंती.

"रुखवत कसलं काकू! लेकीनं पुण्याहून तक्ता पाठवलाय. लग्नात कोणी कुठं बसायचं त्याचा. गोल टेबलं, एकेका टेबलाला दहा माणसं आणि प्रत्येकाच्या ताटापुढं नावाची चिठ्ठी."

"नाव घालून? नाटकाच्या तिकिटासारखं?"

"तिच्या मैत्रिणीचं लग्न गोव्याला झालं, तिथं तसं होतं म्हणे. पण सगळी मिळून चाळीस-पन्नास माणसं होती ती."

"पत्रिका आण बघू तुझी."

मी आणली. काकूंनी चष्मा कपाळावरून खाली ओढला. "हे काय लिहिलंय? सहकुटुंब, सहपरिवार अगत्य येण्याचे करावे. आता मला सांग, तुझ्या विट्याच्या चुलतसासऱ्यांकडून दोन माणसं येणार की नऊ, हे त्यांना तरी ठाऊक आहे का? गाडीत जागा उरली की शेजारच्यालाही घालून आणतात. परिवाराला आवतण द्यायचं आणि खुर्ची एक मांडायची, हे जमायचं कसं?"

"कार्यालयाच्या मॅनेजरनं मला फोनवर एकच विचारलं. ताटं किती धरू?"

"शहाणा माणूस. नावं विचारली नाहीत ना? त्याला माहीत आहे, शंभर ताटं सांगितली की वर दहा-पंधरा धरायचीच." काकूंनी मेथीची एक काडी खुडली आणि तक्त्यात डोकं घातलं. "अगं बाई! हे सात नंबरचं टेबल कुणी मांडलं? तुझे थोरले दीर आणि धाकटे दीर एकाच टेबलावर?"

"तिला काय कल्पना. तिला एक मोठे काका, एक छोटे काका."

काकूंनी आवाज उतरवला. गल्लीत कुत्रंसुद्धा नव्हतं, तरी उतरवला. "बांधावरनं कोर्टात गेलेत ना गं ते? धाकट्याच्या मुलीच्या डोहाळजेवणाला थोरली आली होती, मी स्वतः पाहिलं. ओटी भरली आणि तशीच उठली. पाण्याचा पेला पुढं केला, त्याला बोटसुद्धा लावलं नाही."

"मग वेगवेगळी टेबलं देते."

"दे की. एकाला तीन नंबर मिळेल, एकाला आठ. आठवाला विचारणार, मी मागं का? पंगत मांड मुकाट्यानं, टेबल-खुर्चीची. दोघांना एकाच रांगेत बसव आणि मधे चार माणसं घाल. पंगतीत माणूस समोरच्या रांगेकडं बघतो, आपल्याच रांगेतला पाचवा त्याला दिसत नाही. समोरासमोर मात्र चुकूनही बसवू नकोस, लिंबू-मीठ वाढल्यापासून मठ्ठ्यापर्यंत एकमेकांवर डोळे वटारत बसतील. आणि गोल टेबलाला तर सगळेच समोरासमोर!"

हे माझ्या डोक्यात कधीच आलं नव्हतं.

"शिवाय वाढप्यांचा विचार कर. दोन रांगांच्या मधनं एक जण चटणी-कोशिंबीर घेऊन गेला, मागनं भाजी, मागनं वरण-भात, की चाळीस पानं वाढून मोकळे. गोल टेबलाला आमटीची बादली घेऊन प्रदक्षिणा घालायच्या का त्यांनी?"

"लेक म्हणते, मग बुफे ठेवू. ज्याला जिथं बसायचं तिथं बसेल."

"बुफेत तरणी पोरं खूश. पण आमच्या ह्यांच्यासारख्यानं एका हातात काठी नि एका हातात ताट धरून जिलेबी मोडायची कशानं? बरं, पाटावर बसवशील म्हटलं तर उठवायला दोघं लागतात. खुर्चीच बरी. फक्त ते मागं उभं राहणं बंद कर बाई! मसालेभात पानात आहे तोवर कोणीतरी येऊन आपल्या खुर्चीची पाठ धरतं. वर पर्स ठेवून जातं. घास उतरत नाही. परवा त्या कोपऱ्यावरच्या बंगल्यातल्या लग्नात काय झालं, कळलं ना तुला?"

"नाही बाई. काय झालं?"

"विहिणींची पंगत हो! चांदीचं ताट, भोवती फुलांची महिरप, सगळं साग्रसंगीत. वरमाई बसल्या, पहिला घास उचलला आणि मागं मुलीकडचाच कोणीतरी लांबचा भाचा खुर्ची धरून उभा. त्याला वाटलं, ही शेवटची पंगत, आता जागा मिळेल. वरमाईंनी घास खाली ठेवला तो ठेवलाच. त्या म्हणतात, आम्हाला उठवायला माणूस उभा केला होता. आता अधिकमासाचं वाण घेऊन मुलीकडचे गेले, तर म्हणे चहासुद्धा बिनसाखरेचा मिळाला."

"मधुमेह असेल कुणाला तरी."

"तुझ्या तोंडात साखर. पण रुसवा खुर्चीपायी नसतो बरं का. तुला ते लॉकडाऊनमधलं लग्न आठवतंय? तुझ्या धाकट्या दिरांच्या मुलाचं?"

कसं विसरणार? २०२० मध्ये लग्नाला ५० माणसांची मर्यादा होती, २०२१ च्या एप्रिलात ती २५ वर आली. एकच हॉल, सगळं दोन तासांत आणि नियम मोडला तर ५०,००० रुपये दंड. भटजींनी मंगलाष्टकं अशी पळवली की अंतरपाट धरणाऱ्यांचे हातही दुखले नाहीत.

"खुर्च्या ढीगभर आणि माणसं मोजकी," काकू म्हणाल्या. "बसण्यावरनं रुसायला जागाच नव्हती. तरी तुझ्या मोठ्या वन्सं अजून काय म्हणतात?"

"बोलावलं नाही त्याचं काही नाही, सरकारचाच नियम होता. पण बोलावता येत नाही, एवढं सांगायला एक फोन नको?"

"हां! माझ्या माहेरी तासगावकडं तेच. अक्षता पडायच्या आधी टॉवेल-टोपीचे सत्कार चालतात, मंडपातले लोक उन्हानं कावतात, पण माईकवाला थांबत नाही. एक नाव सुटलं तर तो पाहुणा पाच वर्षं तोंड दाखवत नाही. त्याला ती दहा-वीस रुपयांची टोपी हवी असते का? कपाटात तसल्या ढीगभर पडलेल्या असतात. चार माणसांत आपल्याला या, बसा म्हटलं पाहिजे, एवढंच."

मी तक्ता गुंडाळायला घेतला.

"गुंडाळू नकोस. पोरीनं मेहनत घेतलीय. नावांपुढं टेबलाचे आकडे आहेत ना, ते खोड आणि तिथं बसवणाऱ्याचं नाव घाल. विट्याची गाडी आली की पुढं कोण जाणार?"

"ह्यांचा आतेभाऊ. तो सगळ्यांना ओळखतो."

"लिही. वरमाई आणि त्यांच्या सासूबाई?"

"पुढचे दोन सोफे त्यांचे."

"सोफ्यावर 'राखीव' लिहून भागत नाही, तिथं पोरं उड्या मारतात आणि बायका पर्सा ठेवतात. तुझी धाकटी बहीण सकाळपासून तिथं बसव. त्या आल्या की ही उठेल आणि हात धरून बसवेल. उठून दिलेली जागा लक्षात राहते. आणि फोटोवाल्याला आधीच सांग, दिव्याचा खांब त्यांच्या डोळ्यांपुढं रोवू नको म्हणून. नाहीतर सोफा मिळूनही मुलाच्या लग्नात फोटोवाल्याची पाठच बघायची. पहिल्या पंगतीला कोण?"

"लांबून आलेले, एसटी गाठायची असलेले, पोरंबाळं आणि गोळ्या घेणारे."

"घरचे शेवटी. आणि तुझे थोरले दीर?"

इथं माझी लेखणी थांबली. त्यांना 'या, बसा' कोणी म्हणायचं? आतेभाऊ म्हणाला तर परक्यानं म्हटल्यासारखं, नवऱ्यानं म्हटलं तर धाकट्यानं लगेच बघितलंच.

"नवरी म्हणेल," काकू शांतपणे म्हणाल्या. "अक्षता पडल्या की जोडीनं पाया पडायला जाऊ दे आणि तिथंच म्हणू दे, मोठे काका, जेवून जायचं हं. पुतणीच्या शब्दाला नाही म्हणायला तोंड लागतं. मग धाकट्याकडंही जायचं आणि शब्दसुद्धा तेच. एक कमी नाही, एक जास्त नाही."

मी लिहून घेतलं. यादी तपासताना काकूंनी स्वतःचं नाव शोधलेलं मला दिसलं. त्यांच्या आणि काकांच्या नावापुढं आकडा होता, पाच.

"आम्हाला पाच नंबर का? तिथं कोण कोण आहे?"

"तो खोडला काकू. काकांना पहिल्या पंगतीला भिंतीकडची खुर्ची, काठी टेकवायला. तुम्हाला जागा नाही ठेवलेली."

"म्हणजे?" मेथी खाली गेली.

"जेवणघराच्या दारात तुम्ही. पंगत उठेपर्यंत खुर्चीची पाठ कोणी धरली, तर तुमच्याशी गाठ."

काकूंनी जुडी उचलली, पदर खोचला. "मला मेलीला उभं करतेस होय? बरं. पण मग पैठणी नको गं बाई, त्या घोळात धावायचं कसं! इरकल नेसते. आणि माझं ताट विहिणींच्या पंगतीत धर, समोरच्या रांगेत. तुझी विहीण जेवते कशी, ते नीट दिसायला हवं."