त्रुटीवाले भाऊसाहेब

कुठल्याही तहसील कचेरीत जा, हे भाऊसाहेब भेटतातच. मॉनिटरच्या कडेला चिठ्ठी चिकटवलेली, तिच्यावर पासवर्ड. तो गुप्त असल्याचं ते येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला बजावतात.

एमएस-सीआयटी त्यांनी वेतनवाढ अडकली तेव्हा पास केली. प्रमाणपत्र सेवापुस्तकात लागलं, वेतनवाढ सुटली आणि संगणकाशी असलेला संबंधही सुटला. आता कर्मयोगी पोर्टलवरचे कोर्स आलेत. व्हिडिओ चालू करून भाऊसाहेब चहाला जातात. परत येईपर्यंत शिक्षण झालेलं असतं.

ई-ऑफिसमध्ये नस्ती पडद्यावर येते. भाऊसाहेब तिची प्रिंट काढतात, टिपणी लिहितात, ‘सविनय सादर’ करतात आणि कागद ऑपरेटरकडे स्कॅनला धाडतात. ऑपरेटर म्हणजे कंत्राटी पोरगी. साहेबांच्या सहीचा डोंगल तिच्याच ड्रॉवरमध्ये. अख्ख्या तालुक्याचे दाखले तिच्या बोटांवर, आणि तिचा स्वतःचा पगार कंत्राटदाराच्या मर्जीवर!

‘‘भाऊसाहेब, ओटीपी आला का?’’

‘‘आला होता, पुसून टाकला. कुणाला सांगायचा नसतो ना!’’

हसा खुशाल. पण भोगवटादार वर्ग 2 ची जमीन विकायला परवानगी कुणाची लागते, जुना फेरफार कशामुळे अडतो, हे त्यांना झोपेतून उठवून विचारा, घडाघडा सांगतील. सॉफ्टवेअर करणाऱ्यांनी तेवढं विचारलं नाही. म्हणून निम्म्या भानगडींना पडद्यावर रकानाच नाही, त्या सगळ्या ‘इतर’मध्ये.

संगणकातली एक गोष्ट मात्र भाऊसाहेबांनी कुणी न शिकवता आत्मसात केली. 2015 च्या लोकसेवा हक्क कायद्याने दाखल्यांना मुदत घातली. विनाकारण चुकली तर 500 ते 5000 रुपये दंड. त्यामुळे मुदत संपत आली की भाऊसाहेब अर्ज त्रुटीत काढतात.

‘‘अहो, रेशनकार्ड जोडलं होतं की!’’ खिडकीतले आजोबा म्हणतात.

‘‘जोडलंय हो. पण अस्पष्ट दिसतंय.’’

‘‘चष्मा लावून बघा ना!’’

‘‘आजोबा, चष्म्याने मला दिसेल, पण सिस्टीमला दिसायला पाहिजे.’’

आजोबा पुन्हा सेवा केंद्रात, पुन्हा तेच रेशनकार्ड, पुन्हा पैसे. मुदत नव्याने सुरू.

महिनाअखेरच्या व्हीसीत डॅशबोर्ड उघडतो. भाऊसाहेबांच्या नावापुढे ‘मुदतबाह्य : 0’, हिरव्या रंगात. वरचे साहेब खूश होऊन म्हणतात, ‘‘बाकीच्यांनी यांच्याकडून शिका.’’

बाकीचे शिकले.