ह्याला येतं काय?

आमच्या जुन्नर-आंबेगावात झाडाला जागा फुकट मिळत नाही. नारायणगावला टोमॅटो, मंचरला कांदा-बटाटा, ओतूरला पुन्हा कांदा, वर आहुपे-भीमाशंकरच्या अंगाला भात आणि हिरडा. प्रत्येकाचा बाजार ठरलेला आणि भाव सकाळच्या चहाबरोबर तोंडपाठ. अशा मुलखात दारापुढे नवं रोप दिसलं, की येणारा माणूस चप्पल काढायच्या आधी विचारतो, "ह्याला येतं काय?" गुलाबाला फूल येतं म्हणून गुलाब सुटतो. तुळस देवाची. कढीपत्ता फोडणीचा. कोरफड हल्ली तोंडाला लावतात, म्हणून तीही पास. माझ्या ओट्याखालच्या टबातलं छत्रीगवत मात्र या तोंडी परीक्षेत दर वेळी नापास होतं, आणि जन्मभर दुसऱ्यांना मार्क देत आलेली मी त्याच्यासाठी ग्रेस मागत उभी राहते.

पुणे-नाशिक रस्त्यावरच्या नर्सऱ्यांत ते 'अंब्रेला पाम' या नावाने मिळतं. ते पाम नव्हे आणि खरं तर गवतही नव्हे; कुळ लव्हाळ्याचं, माहेर आफ्रिका-मादागास्करकडचं. पाण्यातून सरळसोट हिरव्या काड्या छातीपर्यंत येतात, जमलं तर डोक्यापर्यंत, आणि प्रत्येकीच्या टोकाला अरुंद पात्यांचं चक्र पसरतं. वनस्पतिशास्त्रवाले सांगतात, की ही पानं नव्हेतच. खरी पानं खाली बुंध्याशी तपकिरी म्यानं होऊन बसलेली असतात आणि वर दिमाखात दिसतात ती फुलोऱ्याखालची छदं. म्हणजे ज्याच्यासाठी आपण पैसे मोजतो तो सगळा मांडवच. नवरदेव बारीक, तपकिरी, आणि आला कधी अन् गेला कधी ते कोणी विचारत नाही.

शेजारच्या तात्यांना ते गवत नाही हे पटवायला मला उसाचा आधार घ्यावा लागला. ऊस गवतातला, त्याला पेरं असतात. माझ्या टबातली काडी बुडापासून टोकापर्यंत चाचपा, एक पेर लागणार नाही. वावरातला लव्हाळा उपटून त्याची काडी दोन बोटांत फिरवा, तीन कडा टोचतील. गवताची काडी गोल, या कुळाची तिधारी. तात्यांनी बांधावरचा लव्हाळा आणून खरंच फिरवून पाहिला. "बरोबर आहे," म्हणाले, "पण म्हणून ह्याला येतं काय?"

त्यांची दुसरी हरकत उंचीबद्दल होती आणि ती हसण्यावारी नेण्यासारखी नाही. आमच्याकडे हिरवं काही कमरेवर गेलं, की पहिला विचार बिबट्याचा येतो. उसाच्या फडात त्याच्या पिढ्या वाढल्या, माणिकडोहला त्यांच्यासाठी निवारा केंद्र झालं, आणि संध्याकाळी पोराला दुकानात एकटं पाठवायचं नाही हे आता कोणाला सांगावं लागत नाही. तात्या अंधार पडल्यावर आले, की टबाकडे बॅटरी मारतात. तिथून आजवर एक बेडूक निघाला आणि आमची मांजर निघाली. दोघांनाही झोपमोड आवडली नाही.

सगळ्यात अवघड प्रश्न पाण्याचा. या झाडाचं पथ्य एकच: पाय ओले हवेत. तळाला भोक नसलेला टब, काळी माती, थोडं कुजलेलं शेणखत, वरून वाळूचा थर म्हणजे माती ढवळून वर येत नाही, आणि त्यावर चार बोटं पाणी, बारमाही. पावसाळ्यात हे सांगायला काही वाटत नाही. चैत्र-वैशाखात वाटतं. कुकडी प्रकल्पाची पाच धरणं आमच्या आसपास आहेत: येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे. पण धरण जवळ असणं आणि पाणी जवळ असणं या दोन गोष्टी एक नव्हेत, हे इथल्या शाळेतल्या पोरालाही कळतं. आवर्तन कधी सुटणार, टेलपर्यंत पोचणार का, यावर पारावर भांडणं होतात. शिवाय आंबेगाव तालुक्याला ज्या गावाचं नाव आहे ते मूळ आंबेगावच डिंभ्याच्या पाण्याखाली गेलं; कचेरी घोडेगावात, नाव पाण्यात. स्वतःचं नावगाव धरणाला दिलेल्या तालुक्याच्या शेजारी राहून पाण्यात पाय सोडून उभं राहणारं शोभेचं झाड पाळायचं, तर आवाज जरा खालीच ठेवावा.

मी तो ठेवते आणि तांदूळ-डाळ धुतलेलं पाणी टबात ओतते. यात माझी हुशारी काही नाही. मोरीच्या पाण्यावर अळू, कर्दळ आणि केळ ही आपल्याकडची जुनी वहिवाट. आता इंजिनियर मंडळी त्याच तत्त्वावर सांडपाण्याचे वाफे बांधतात, त्यांत कर्दळ लावतात आणि माझं हे छत्रीगवतही लावतात. मुळांभोवती जिवाणू वस्ती करतात आणि घाण खाऊन टाकतात. माझा टब काही तेवढा कर्तबगार नाही. त्याला बोअरचं पाणी दिलं तर क्षारांनी टोकं करपतात, म्हणून पावसाळ्यात पागोळीचं पाणी भरून त्याला तीर्थ म्हणून पाजते. पिवळी काडी दिसली की बुडातून कापायची. अर्धी कापून ठेवली तर ती पुन्हा फुटत नाही, नुसती खुंट होऊन राहते. बाकी सेवा नाही. कीड सहसा लागत नाही. कृषी सेवा केंद्रातल्या पोराला मी हे सांगितलं तेव्हा तो खरोखर खट्टू झाला. ज्याला काहीच मारावं लागत नाही अशा झाडाशी कसं बोलावं हे त्याला उमगेना.

साठलेल्या पाण्याची बातमी आरोग्य खात्याला लागली नसती तर नवल. कोरडा दिवस पाळा म्हणून गावात सांगत फिरणाऱ्या ताई घरोघरी रांजण, फ्रीजमागचा ट्रे, टायर सगळं तपासतात. त्या टबाशी वाकल्या, बॅटरी मारली (या झाडाच्या नशिबी बॅटरी फार) आणि माझ्याकडे अशा पाहू लागल्या, जशी वर्गात गाइड सापडल्यावर मी बघायची. मग पाण्यात गप्पी मासे दिसले. डासांच्या अळ्या खायला म्हणून आरोग्य केंद्रातूनच आणलेले. ताईंचा चेहरा फुलला. त्या दिवशी माझ्या टबाला पहिल्यांदा सरकारी मान्यता मिळाली, गवताला नव्हे, माशांना. तात्याही थोडे नरमले. निदान टबात काहीतरी काम करणारं आहे.

या झाडाची लावण पाहिली तर कोणीही दोन मिनिटं थांबेल. काडी छत्रीसकट वीतभर कापायची, पाती कात्रीने अर्धी करायची, आणि डोकं खाली, दांडा वर अशी पाण्यात तरंगत सोडायची. दोन-तीन आठवड्यांत छत्रीच्या मध्यातून, पाती जिथून निघतात त्या बेचक्यांतून, पांढरी मुळं खाली आणि हिरवे कोंब वर येतात. जन्म शीर्षासनात. परातीत अशा पाचसहा छत्र्या तरंगत होत्या तेव्हा नातू म्हणाला, "आजी, हे खोडदचं आहे." खरंच, गोविंद स्वरूप यांनी खोडदच्या माळावर उभ्या केलेल्या रेडिओ दुर्बिणीच्या तबकड्या डोळ्यांपुढे आल्या. त्या ३० आहेत, एकेक ४५ मीटर रुंद, आणि सगळ्या आभाळाकडे तोंड करून. माझ्या छत्र्या परातीतल्या पाण्याकडे बघत होत्या एवढाच फरक. त्या तबकड्यांना काय येतं, असं तात्यांनी त्या काळी विचारलं होतं की नाही, हे मी अजून काढून घेतलेलं नाही.

काही येत नाही म्हणतात, पण याच कुळातल्या थोरल्या भावाला कागद येत होता. पपायरस तो. त्याच्या काड्यांच्या गराच्या पट्ट्या आडव्या-उभ्या पसरून, ठोकून, वाळवून मिसर देशाने हजारो वर्षं हिशेब लिहिले. त्या बाजूची जहाजं कल्याणला लागत, माल नाणेघाट चढून जुन्नरला येई, आणि येणारे काही जण इथेच रमत. जुन्नरच्या लेण्यांत इरिल नावाच्या यवनाचा लेख आहे: त्याने दान दिलं ते पाण्याच्या दोन टाक्यांचं. मला हा इरिल फार जवळचा वाटतो. परमुलखातून घाट चढून यायचं आणि आल्यावर गावाची नाडी ओळखून पाणीच द्यायचं, हे सोपं नाही. त्याच्या गाठोड्यात पपायरसची गुंडाळी असेल का, याचा विचार करत मी टबात तांब्या रिता करते. पुढे जुन्नरने स्वतःचा कागदही केला. जुन्नरी कागदाला पेशवाईत नाव होतं. मात्र तो लव्हाळ्याचा नव्हे. तात्यांना हे सगळं सांगितलं. ते म्हणाले, "मग करा कागद."

आता धाकट्या भावाबद्दल बोलायला हवं, कारण घरोघरी तोच आहे. वावरातला लव्हाळा. १९७७ साली लेरॉय होम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जगातल्या वाईट तणांवर जाडजूड ग्रंथ काढला, त्यात याचा पहिला नंबर. कांदेवाल्याला हे कळायला ग्रंथाची गरज नाही. वरचं पातं ओढलं तर तुटून हातात येतं आणि मातीखालच्या गाठी एकीला दुसरी धरून तिथेच बसतात. खुरपं लागून तुटल्या तर प्रत्येक तुकडा नवा संसार मांडतो. हरळी, कुंदा आणि लव्हाळा ही तीन नावं आमच्याकडे पाहुण्यांपुढे घेत नाहीत. आणि याच गाठी वाळवून, कुटून नागरमोथा म्हणून दिवाळीच्या उटण्याच्या पाकिटात येतात. आश्विनात रोजाने बायका लावून जे खणून बांधावर फेकायचं, तेच नरकचतुर्दशीला पैसे देऊन विकत आणून अंगाला चोळायचं. मुस्ता म्हणून संस्कृतातही त्याची वट आहे. शाकुंतलात दुष्यंत शिकार थांबवतो तेव्हा म्हणतो, डुकरांना डबक्यात खुशाल मुस्ता उकरू दे. राजाला कांदे करायचे नव्हते. इथे रानडुकरं येतात, पण लव्हाळा सोडून बटाटा उकरतात.

माझा टब मात्र गच्च भरला. मुळांनी प्लास्टिकला चीर पाडली तेव्हा गड्डा बाहेर काढून सुरीने फोडला आणि वाटायला घेतला. देताना प्रत्येकाला बजावलं, की उरलेले तुकडे ओढ्यात किंवा कॅनॉलमध्ये टाकू नका, उन्हात पार वाळवा. हे झाड वाहत्या पाण्याला लागलं तर काठ धरून बसतं, आणि कुळ कोणतं ते आपण वर पाहिलंच. शाळेतल्या मैत्रिणीने नेलं, ताईंनी आरोग्य केंद्राच्या दारासाठी नेलं. तात्यांनीही, सुनेला हवंय असं सांगून, पिशवीत घालून नेलं.

शेजारच्या वावरात खुरपायला येणाऱ्या एक मावशी दुपारी पाणी प्यायला ओट्यावर टेकल्या होत्या. टबाकडे बराच वेळ बघत राहिल्या.

"बाई, ह्यो लव्हाळाच न्हवं?"

"त्याच्याच भावकीतला."

"आन् ह्याला पाणी घालता?"

"घालते."

"इकत आणलाय?"

मी हो म्हटलं. त्यांनी तांब्या खाली ठेवला. एक कोंब उरला होता, तो मी पुढे केला. त्यांनी हातही लावला नाही.

"नको बाई. ह्याच्या भावकीपायी कंबर गेली माझी." मग पदर खोचत उठल्या, जाता जाता पुन्हा एकदा टब वरपासून खालपर्यंत पाहिला आणि म्हणाल्या, "काढायचा झाला तर मला सांगा. घरचं काम हाय, हजेरीला वाईच कमी घीन."