मेल केलाय, बघा

मॅक्रो चालू करायचा, हाताची घडी घालायची आणि खुर्चीत रेलायचं, यात जे सुख आहे ते प्रमोशनमध्येही नसावं. (प्रमोशनचा माझा अनुभव बेताचाच आहे.) एक्सेलच्या शीटवर मी एक बटण बसवलंय. बी-वन सेलमध्ये शब्द लिहायचा, बटण दाबायचं. आउटलुकचे सगळे फोल्डर पालथे घालून तारीख, पाठवणारा, विषय आणि फोल्डरचं नाव ओळीने शीटवर हजर होतं. कोडच्या डोक्यावर हिरव्या अक्षरांत माझं नाव आहे. ती ओळ कॉम्प्युटर वाचत नाही. माणसं वाचतील अशी आशा होती.

खात्यात नवीन आलेली मुलगी म्हणाली, "सर, आउटलुकमध्ये वरतीच सर्चचा बॉक्स असतो ना?" असतो. पण त्यातून निघालेलं ऑडिटरपुढे ठेवायला असं आपोआप शीटवर येत नाही, हे मी तिला शांतपणे समजावलं. "ऑडिटर मागतात का असं?" तिने विचारलं. त्या महिन्यात तिच्या रजेच्या अर्जावर सही करायला मला जरा वेळच मिळाला नाही.

कोडच्या खिडकीतलं जग वेगळं असतं. तिथे इनबॉक्सला नावाने कोणी ओळखत नाही, त्याचा नंबर सहा. पाठवलेल्या मेलांचा पाच, टाकून दिलेल्यांचा तीन. शिवाय इनबॉक्समध्ये नुसते मेल नसतात, मीटिंगची आमंत्रणंही असतात. मेलसाठी केलेल्या साच्यात आमंत्रण घालायला गेलं की एरर 13, टाइप मिसमॅच. मीटिंग कामाच्या साच्यात बसत नाही हे सॉफ्टवेअरलासुद्धा कळतं.

आणि फोल्डर! मॅक्रोला इनबॉक्स बघ म्हटलं की तो फक्त इनबॉक्सच बघतो, आतल्या फोल्डरांना हात लावत नाही. त्यासाठी कोडने स्वतःलाच पुन्हा पुन्हा हाक मारायची असते: या फोल्डरात शिर, त्याच्या पोटातल्या फोल्डरात शिर, त्याच्याही पोटातल्यात. हे जमल्यावर माझ्या फोल्डरांची यादी प्रथमच सलग माझ्यासमोर आली. 'महत्त्वाचे'. त्यात 'फार महत्त्वाचे'. त्यात 'महत्त्वाचे जुने'. 'बघायचे' नावाचा एक फोल्डर, ज्यातला एकही मेल उघडलेला नव्हता. 'इतर', आणि त्याच्या पोटात 'इतर नवीन'. 'साहेब', 'नवे साहेब', 'आताचे साहेब'; पैकी आताचे साहेब केव्हाच रिटायर झाले. 'तात्पुरते' मधला सर्वांत जुना मेल 2009 चा निघाला, आणि तो नियमाला धरूनच आहे, कारण आपल्याकडे तात्पुरतं म्हणून उभं केलेलं काहीही कोणी पाडत नाही. 'कटकट' हा फोल्डर एका सप्लायरसाठी काढला होता. पुढे त्यात सगळेच सप्लायर आले, मग स्टोअर्स आलं, मग एचआर. त्याच्या पोटात 'कटकट मिटली' असाही एक फोल्डर आहे. तो रिकामा आहे.

मॅक्रोची कीर्ती पसरली तशी माणसं शब्द घेऊन येऊ लागली. माहिती कोणालाच नको होती, पुरावा हवा होता. "मेल केलाय, बघा" म्हटलं की काम झालं. सीसीत साहेबांना घातलं की भाषा सभ्य होते आणि मजकूर असभ्य. स्टोअर्सच्या एका पोराला रात्री पावणेबाराला मेल गेला होता, सकाळी सहाला गाडी येणार म्हणून. त्याने तो पाहिला नाही, गाडी गेटवर उभी राहिली. 'कळवलं होतं' हे सिद्ध करणारी ओळ माझ्या शीटवरून छापून मेमोला जोडली गेली. पोराला फोन का केला नाही, हे कोणी विचारलं नाही. मीही नाही. बटण मात्र झकास चाललं.

बी-वन सेलची गोष्ट राहिली. आमचे जुने हेडक्लार्क सगळा मजकूर विषयाच्या ओळीतच लिहायचे, तोही मराठीत. खाली कोरं. त्यांचा एक बिलाचा मेल हवा होता म्हणून कोडमध्ये 'बिल' लिहिलं, तर तिथे नुसती प्रश्नचिन्हं. एक्सेलमध्ये व्हीबीए, म्हणजे मॅक्रो लिहायची भाषा, आली 1993 साली, तिच्या खिडकीला देवनागरी अजून कळत नाही. 2348, 2367, 2354 असे आकडे दिले तर ती 'बिल' जुळवते. सेलमध्ये मात्र मराठी बिनबोभाट राहते, म्हणून शब्द सेलमधून उचलायची सोय केली.

बिल सापडलं. त्यानंतर मी बी-वनमध्ये 'डबा' लिहून पाहिलं. 'इतर' फोल्डरातून एक ओळ वर आली: "उद्या डबा आणू नका घरी पुरणपोळ्या आहेत तुमच्यासाठी पण आणतो". ऑडिटच्या दृष्टीने निरुपयोगी. मी प्रिंट काढली.

कोणाला मॅक्रो हवा असेल तर जरूर मागा, फुकट देतो. फक्त बी-वन रिकामा ठेवून बटण दाबू नका. काहीच न शोधणाऱ्याला तो विषय असलेला एकूण एक मेल आणून देतो, आणि तोवर एक्सेल गोठलेलं असतं.