पोर बर्फावर, पालक धारेवर

टोरोंटोच्या पश्चिमेला मिसिसागा, ब्रॅम्प्टन, ओकव्हिल, मिल्टन असा जो पट्टा आहे, तिथल्या मराठी घरांत मूल पाच वर्षांचं झालं की एक ठराव मांडला जातो. सूचक बाबा, अनुमोदक शेजारचे गोरे आजोबा, विरोधात आई. पुण्याहून व्हिडिओ कॉलवर आलेली आजी तटस्थ, कारण हॉकी म्हणजे ध्यानचंद एवढंच तिला ठाऊक. ठराव असा, की चिरंजीवांना आइस हॉकीत घालावं. का? तर आपण आता इथलेच झालो. नागरिकत्वाची परीक्षा झाली, शपथ झाली, पण पोरगं बर्फावर चार वेळा आपटल्याशिवाय ती शपथ अंगी लागत नाही, अशी आपली एक समजूत. शिवाय हा देशाचा खेळ आहे आणि तसा कायदाच आहे. १९९४ साली कॅनडाच्या संसदेने हॉकीला राष्ट्रीय हिवाळी खेळ आणि लॅक्रॉसला राष्ट्रीय उन्हाळी खेळ ठरवलं. लॅक्रॉससाठी कुणा मराठी बापाने घरात ठराव आणल्याचं अजून ऐकिवात नाही.

ठराव मंजूर झाला की पहिली चकमक दुकानात झडते. आपल्याकडे मुलाचे बूट घ्यायचे म्हणजे वाढत्या अंगाचे. पुढे कापूस कोंबायचा, दोन वर्षं निघतात. या शास्त्रावर तीन पिढ्या पोसल्या. आणि इथे काउंटरवरचा एक मिसरूड फुटलेला मुलगा शांतपणे सांगतो, की स्केट्स नेहमीच्या बुटापेक्षा एक-दीड नंबर लहान लागतात. अंगठा पुढे जेमतेम टेकला पाहिजे, टाच मागे घट्ट बसली पाहिजे, मोजा पातळ. सैल स्केट्समध्ये घोटा आतल्या बाजूला मुडपतो आणि पोर उभंच राहत नाही. बाबा हळूच विचारतात, "जाड लोकरीचे मोजे घातले तर?" मुलगा नाही म्हणतो. म्हणजे आज घट्ट बसणारे स्केट्स पुढच्या हंगामात चढणारच नाहीत. हे गणित बाबांना दुकानातच सुटतं आणि त्यांचा चेहरा पाहवत नाही.

काठीचं दुःख वेगळंच. मूल बुटांशिवाय उभं केलं की काठी नाकापर्यंत यावी असा ठोकताळा आहे. लांब निघाली तर वरून करवतीने कापतात. पैसे पूर्ण काठीचे, वापर पाऊण काठीचा. उरलेला तुकडा बाबा घरी घेऊन येतात. त्याचं काय करायचं हे कुणालाच माहीत नसतं, पण टाकवत नाही.

बाकीचं सामान ऐका. नडगीचे पॅड, कोपराचे पॅड, खांद्याचे पॅड, जाड फुगीर चड्डी, मर्मस्थानाचं कवच, गळपट्टा, दातांचं कवच, हातमोजे, जाळीचं हेल्मेट. मुंजीत बटूच्या अंगावर चढवत नाहीत एवढ्या वस्तू, आणि यांनाही क्रम आहे. क्रम चुकला की पुन्हा पहिल्यापासून. जुन्या वस्तू विकणारी दुकानं असतात, त्यामुळे शहाणे लोक पॅड तिथून घेतात आणि हेल्मेट तेवढं प्रमाणित, शिक्क्याचं. पण आपल्या पहिल्या अपत्याला जुनं कसं द्यायचं? दुसऱ्या अपत्याला मात्र सगळं जुनंच मिळतं, वासासकट. हॉकीच्या पिशवीचा वास हा स्वतंत्र विषय आहे. ती गाडीच्या डिकीत एक रात्र राहिली की गाडी विकतानाच्या किमतीवर परिणाम होतो.

आता पहाट. बर्फाची मैदानं बहुतेक नगरपालिकेची, तास मोजून वाटलेली. संध्याकाळच्या चांगल्या वेळा मोठ्या संघांकडे जातात आणि धाकट्यांच्या वाट्याला शनिवारी-रविवारी सकाळचे सहा-सात येतात. ज्या गृहस्थाला नरक चतुर्दशीला अभ्यंगस्नानासाठी उठवायला आईला तीन हाका आणि एक तांब्या पाणी लागायचं, तो उणे पंधरा अंशांत पाच वाजता गाडीवरचा बर्फ खरवडत असतो. हातात टिम हॉर्टन्सची कॉफी. हे टिम हॉर्टन म्हणजे टोरोंटो मेपल लीफ्स या हॉकी संघाचे बचावपटू, त्यांचं पहिलं दुकान १९६४ साली हॅमिल्टनला निघालं. आज धाकट्यांच्या अनेक संघांच्या जर्सीवर त्याच कंपनीच्या छोट्या गोल डोनटांचं नाव असतं. बापाच्या हातात टिम, पोराच्या पाठीवर टिम. लीफ्सने मात्र १९६७ नंतर स्टॅन्ली कप जिंकलेला नाही. तरीही दर शरदात आख्खं शहर 'यंदा नक्की' म्हणतं. एवढी श्रद्धा असलेल्या गावात मराठी माणूस का रमणार नाही?

कपडे बदलायच्या खोलीत रबरी जमिनीवर बाप ओळीने गुडघे टेकून बसलेले असतात. कुणी बँकेत उपाध्यक्ष, कुणी ट्रक चालवणारा, कुणी हाडांचा डॉक्टर. प्रत्येकाच्या मांडीवर एक एक पाय. नाडी प्रत्येक भोकापाशी खेचायची, घोट्याशी सैल राहता कामा नये, हाताला रग लागते, बोटांना वळ उठतात. लोखंडी आकडा असला तर बरं. दोन्ही पाय झाले, गळपट्टा लागला, हेल्मेटची पट्टी हनुवटीखाली बसली, हातमोजे चढले. मग जाळीच्या आतून बारीक आवाज येतो, "बाबा, शू."

इथवर पोचलेल्या पालकाला वाटतं की आता खेळ सुरू होणार. होतो, पण त्याच्या कल्पनेतला नव्हे. सात वर्षांखालच्यांना पूर्ण मैदान देत नाहीत. दोनशे फुटांचं मैदान आडवं तोडून त्याच्या तुकड्यांवर खेळवतात. चेंडूऐवजी जी रबरी चकती असते ती मोठ्यांची सहा औंसांची, यांना चार औंसांची निळी. ठरावीक वेळाने भोंगा वाजतो आणि सगळी पोरं बदलतात, म्हणजे सगळ्यांना सारखी संधी. आणि गोल मोजत नाहीत. फलक बंद. गुणतक्ता नाही, पहिला नंबर नाही, बक्षीस समारंभ नाही. हॉकी कॅनडाने हे सगळं पुष्कळ विचार करून केलं आहे. छोट्या जागेत मुलाला चकती जास्त वेळा मिळते, स्केटिंग सुधारतं, वगैरे. पण पहिला नंबर नाही म्हटल्यावर मराठी मध्यमवर्गाने जगायचं कशासाठी? बाकावर बसलेले बाबा बोटांच्या पेरांवर मोजतात. "नऊ-चार," ते कुजबुजतात. शेजारचा गोरा बाप तोंड न हलवता म्हणतो, "दहा." तिकडे चिरंजीव मध्यरेषेवर उताणे पडून हातपाय हलवत बर्फात पंख काढत असतात, आणि समोरचा गोली गोलाकडे तोंड करून जाळी चाटत असतो. सगळ्या इमारतीत त्या दोन बापांचंच लक्ष खेळात असतं.

मुलगी असेल तर ठरावाचा मजकूर बदलतो. मुलाला हॉकी, मुलीला फिगर स्केटिंग, कारण त्यात फ्रॉक असतो. बायकांच्या नव्या व्यावसायिक हॉकी लीगचा पहिला सामना १ जानेवारी २०२४ रोजी टोरोंटोतच झाला, ही बातमी आपल्या मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर हळदीकुंकवाच्या निमंत्रणाखाली गाडली गेली असावी.

आता जाणकारांसाठी थोडं ज्योतिष. लेथब्रिजचे मानसशास्त्रज्ञ रॉजर बार्न्सली एकदा सामन्याला गेले होते. त्यांच्या पत्नी कार्यक्रमपत्रिकेतल्या खेळाडूंच्या जन्मतारखा वाचत होत्या. बघतात तर जानेवारी, फेब्रुवारी, मार्च यांचीच गर्दी. यातून १९८५ साली शोधनिबंध निघाला. कारण साधं आहे. वयोगट ३१ डिसेंबरला तोडतात, म्हणून जानेवारीचं पोर डिसेंबरच्या पोरापेक्षा जवळजवळ वर्षाने मोठं, थोराड. निवड त्याची होते, चांगला प्रशिक्षक त्याला मिळतो, सराव त्याचा जास्त, आणि मग लोक म्हणतात उपजत गुण आहेत हो. हॉकीचे तारेच पाहा. वेन ग्रेट्झ्की २६ जानेवारीचे, ऐन प्रजासत्ताकदिनाचे. कॉनर मॅकडेव्हिड १३ जानेवारीचे, म्हणजे भोगीचे. जन्मवेळेवरून भविष्य सांगणारी विद्या ज्या समाजात परंपरेने आहे, त्याने या संधीचं सोनं करायला नको? पुढच्या अपत्याचा विचार असलेल्या दांपत्यांनी तो गुढीपाडव्याच्या सुमारास करावा. साडेतीन मुहूर्तांपैकी एक आयता मिळतो. पाडवा मार्चातच आला तर मात्र अक्षय्य तृतीयेपर्यंत दम धरावा, नाहीतर बाळ डिसेंबरात येऊन बसेल. सिडनी क्रॉसबी ७ ऑगस्टचे, असं कुणी म्हणेल. अपवाद प्रत्येक पत्रिकेत असतात.

याच ग्रेट्झ्कींनी दहाव्या वर्षी एका हंगामात ३७८ गोल केले. ही संख्या प्रत्येक बापाला पाठ असते. त्यांचे वडील वॉल्टर टेलिफोन कंपनीत नोकरीला होते आणि ब्रँटफर्डच्या घरामागे पाणी सोडून त्यांनी बर्फाचं अंगण केलं होतं, हेसुद्धा सगळ्यांना ठाऊक. सार्वजनिक मैदानाशी कुडकुडत उभं राहण्यापेक्षा घरात बसून मुलावर लक्ष ठेवता यावं, असं कारण वॉल्टर स्वतःच सांगत. हा भाग कुणी लक्षात ठेवत नाही. आपले बाबा डिसेंबरात मागच्या अंगणात पाइप सोडतात, आणि जानेवारीत ऊन पडलं की आई म्हणते, "झालं? आता त्या चिखलात कोथिंबीर तरी लाव."

मग येतात पायऱ्या. खाली हाउस लीग, वर ए, डबल ए, आणि सर्वांत वर ट्रिपल ए. त्यासाठी चाचण्या. चाचण्यांसाठी खास स्केटिंगचा वर्ग, चकती मारण्याचा वेगळा वर्ग, उन्हाळी शिबिर, आणि 'अमक्यांचा मुलगा कुणाकडे जातो' ही चौकशी. भारतातून निघताना आपण विमानतळावर सर्वांना सांगून आलो होतो, की तिथे मुलांना मोकळं वाढवतात, क्लासचा जाच नाही, रँक नाही. ते खोटं नव्हतं. आपल्याला फक्त हॉकीवाले भेटायचे होते. कोट्याच्या क्लासबाहेर डबा घेऊन उभा राहणारा बाप आणि ट्रिपल ए च्या चाचणीला काचेला नाक लावून उभा असलेला गोरा बाप एका माळेचे मणी निघाले. जे मराठी शाळेत, मंडळात आणि कार्यालयात वीस वर्षांत जमलं नव्हतं ते बाकावर जमलं. दोघे एकमेकांना पाहताक्षणी ओळखतात. दोघांच्याही मते प्रशिक्षकाचा स्वतःच्या मुलावर जीव आहे.

दरम्यान शनिवारची मराठी शाळा बुडते, गणपतीत हंगाम सुरू होतो, दिवाळीत स्पर्धा येते. पंजाब्यांसाठी हॉकीचं पंजाबी समालोचन २००८ सालीच सुरू झालं. आपल्याकडे त्यासाठी समिती नेमायची की उपसमिती यावर चर्चा होईल.

आणि हो, परीक्षा पालकांनाही आहे. बऱ्याच ठिकाणी मूल बर्फावर उतरण्याआधी घरातल्या एका पालकाला सभ्य वर्तनाचा ऑनलाइन अभ्यासक्रम पूर्ण करावा लागतो. पंचावर ओरडू नये, मुलाला परतीच्या वाटेवर गाडीत झापू नये, असा साधारण आशय. बहुतेक घरांत तो आईने पूर्ण केलेला असतो आणि ओरडतो बाप.

म्हणून यंदा नोंदणी करणाऱ्यांना एकच विनंती. काचेवर मुठी आपटू नका. पट्टेरी शर्टातला तो पंच चौदा-पंधरा वर्षांचा असतो. वय लक्षात यावं म्हणून काही ठिकाणी अशा पंचांच्या दंडाला हिरवी पट्टी बांधतात. तुम्ही मराठीत काय म्हणालात ते त्याला कळलं नसेल. पण या पट्ट्यात मराठी घरं पुष्कळ आहेत, आणि तुमच्या मागच्या बाकावर कॉफी घेऊन बसलेल्या बाई त्याची आई असू शकतात.